धावता लॉग पाहण्यासाठी ‘टेल’ सोडून ‘लेस’ वापरावे का?

कृष्णाकाठ (सांगली):
गळीत हंगामात एका साखर कारखान्याच्या वजनकाट्याचा सर्व्हर सांभाळण्याचे काम माझ्याकडे असते. पावती निघाली की लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींच्या फाइलमध्ये, एक ओळ पडते, म्हणून रात्रपाळीला एका खिडकीत टेल स्मॉल एफ (फाइलच्या शेवटच्या ओळी दाखवणारी आज्ञा; ‘-f’ दिले की नवी ओळ पडताच तीही दाखवते) लावून ठेवण्याची मला सवय आहे. मागच्या हंगामात एकदा रात्री बारानंतर त्या खिडकीत एकही ओळ उमटेना. काटा बंद पडला असे समजून मी आवारात धावत गेलो, तर उसाच्या ट्रॉल्या वजन करून एकामागून एक गव्हाणीकडे निघाल्या होत्या आणि काटेवाला निवांत चहा पीत होता. झाले होते एवढेच, की लॉगरोटेटने (जुने लॉग ठरल्या वेळी बाजूला काढणाऱ्या प्रोग्रामने) बाराला जुन्या फाइलचे नाव बदलून नवी फाइल सुरू केली आणि माझा टेल त्या जुन्या फाइलकडेच डोळे लावून बसला. शिवाय टेलमध्ये मागची पावती शोधण्याची सोय नाही. म्हणून माझे मत असे, की सरसकट लेस (फाइल मागेपुढे सरकवत वाचण्याची आज्ञा) कॅपिटल एफने, म्हणजे ‘+F’ देऊन, उघडावे. कंट्रोल-सी दाबले की ते थांबते, तिरकी रेघ देऊन गाडीचा क्रमांक शोधता येतो आणि पुन्हा कॅपिटल एफ दाबले की ओळी वाहू लागतात.

कंदी पेढा (सातारा):
निदान बरोबर आहे, औषध चुकले. लेसही उघडलेली फाइलच धरून बसते. नावाचा माग ठेवायचा तर त्याला ‘फॉलो-नेम’ हा पर्याय वेगळा द्यावा लागतो. त्या रात्री लेस असते, तरी तुमची धावपळ चुकली नसती. लिनक्सवरच्या टेललाच कॅपिटल एफ दिला असता, तर तो नव्या फाइलकडे आपणहून वळला असता आणि फाइल बदलल्याचे त्याच खिडकीत सांगितलेही असते. भरलेल्या आणि रिकाम्या गाड्यांचे काटे वेगळे असतील, तर टेल दोन्ही लॉग एकत्र दाखवतो व कोणती ओळ कोणत्या फाइलची ते मथळा देऊन सांगतो. १९७० च्या दशकातल्या युनिक्सपासून चालत आलेल्या आज्ञेला आपल्या एका अक्षराच्या चुकीपायी घरी बसवू नये.

मिरजेचा तंबोरा:
ओळी धावताना पाहत बसणे म्हणजे लॉग वाचणे नव्हे. तक्रार आली की ‘टेल -एन २००’ देऊन शेवटच्या दोनशे ओळी घ्याव्यात (एरवी मिळणाऱ्या दहा ओळी कशालाच पुरत नाहीत) आणि शांतपणे वाचावे. रात्रपाळीच्या माणसाचे डोळे ही काही देखरेखीची व्यवस्था नाही.

कृष्णाकाठ (सांगली):
पेढेसाहेब, दुपारी चाचणी फाइलचे नाव बदलून पाहिले. लेस खरोखरच गप्प बसले. तो मुद्दा मागे घेतो. शोधाचा मुद्दा मात्र सोडणार नाही. टेलची ओळ ग्रेपकडे (हवा तो शब्द असलेल्या ओळी गाळून देणाऱ्या आज्ञेकडे) पाठवता येते हे मान्य, पण शेतकरी खिडकीशी उभा राहून तासापूर्वीच्या पावतीबद्दल विचारतो, तेव्हा चालू खिडकीतच मागे जाता आले पाहिजे. तंबोरेसाहेब, काट्यावर रांग लागली की फोन पहिल्यांदा मलाच येतो, म्हणून डोळे उघडे ठेवावे लागतात.

कंदी पेढा (सातारा):
मग दुसऱ्या खिडकीत लेस उघडा, कोणी अडवले आहे? एक मात्र तपासा: लॉगरोटेटमध्ये ‘कॉपीट्रंकेट’ लावले, तर आधी फाइलची नक्कल निघते, मग फाइल तीच राहून फक्त रिकामी होते आणि तुमचा स्मॉल एफही चालत राहतो. नक्कल करणे आणि रिकामे करणे या दोहोंच्या फटीत पडलेली पावतीची ओळ मात्र हरवू शकते, त्यामुळे काट्याच्या लॉगला मी तरी ते लावणार नाही.