थालीपीठ वातड का होते?

रविवारच्या न्याहारीला केलेली थालीपिठे निवल्यावर वातड झाली, असे एका ताईंनी लिहिले आहे. आमच्याकडेही परवा रात्री थालीपीठ, लोण्याचा गोळा आणि लसणीची चटणी असाच बेत होता. माझ्या मते दोष बहुधा भाजणीतच असतो. तांदूळ, ज्वारी, बाजरी, हरभऱ्याची डाळ, उडीद आणि धणे यांचे दाणे लहानमोठे असल्यामुळे ते वेगवेगळेच भाजावे लागतात. एकत्र भाजले की धणे करपतात, डाळ मात्र आतून कच्ची राहते आणि तो कच्चेपणा पुढे कितीही कांदा-कोथिंबीर घातली तरी लपत नाही. पीठ कोमट पाण्यात सैलसर भिजवून १५ मिनिटे झाकून ठेवावे. ओल्या फडक्यावर थापलेले थालीपीठ तव्यावर टाकल्यावर त्याच्या भोकांत तेलाचे दोन-दोन थेंब सोडून झाकण ठेवावे. झाकणाखालचे वाफेचे पाणी तव्यावर पडून चुर्र असा आवाज येऊ लागला की मगच ते उलटावे. या वाफेनेच ते आतून मऊ राहते. भाजणीऐवजी नुसती कच्ची पिठे कालवून केलेले थालीपीठ मला पटत नाही, कारण त्याला तो खमंग वास येतच नाही.