दुपारी चारनंतर अंगात त्राणच उरत नाही. काय खावं, काय बदलावं?

लोकलवाली:
वय ४१. रोज डोंबिवली ते भायखळा. पहाटे उठून दोन डबे, मग गाडी. उठल्या उठल्या चहा, निघताना चहा-पोळी नाहीतर चहा-खारी. दुपारी डब्यात पोळी-भाजी, त्यावर ऑफिसचा चहा, चारला परत चहा. रात्री जेवायला दहा वाजतात, झोपायला बारा. शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. सोमवार आणि चतुर्थीला उपास. आजारी अशी नाही, पण चार वाजले की डोळ्यांवर झापड येते आणि परतताना ठाण्यापर्यंतही उभं राहवत नाही. सासूबाई म्हणतात बीट-खजूर खा, मैत्रीण म्हणते प्रोटीन पावडर घे. पैसे घालण्याआधी इथे विचारतेय. जिम सुचवू नका प्लीज.

मेतकूट_भात:
पावडर राहू दे गं. आधी रक्त तपासून घे: सीबीसी (रक्तपेशी आणि हिमोग्लोबिन), फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२ जीवनसत्त्व, टीएसएच (थायरॉइडसाठी), साखर. फेरिटिन आवर्जून सांग, नेहमीच्या पॅकेजमध्ये बऱ्याचदा नसतं. हिमोग्लोबिन १२ च्या वर दिसलं की सगळे निर्धास्त होतात, पण शरीरातला लोहाचा साठा त्याच्या आधीच आटलेला असू शकतो. आणि यात तू एकटी नाहीस. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला होता.

उंडगा_बोका:
सगळ्यांना अळशी, चिया, मोरिंगा. झोप कोणी सुचवत नाही. बारा ते साडेपाच झोपून कोणाला तरतरी येईल?

निवांत_डाएटिशियन:
बोक्याशी सहमत. पण ताई, मला तुमच्या यादीत खटकतोय तो चहा. दोन कप घ्या, हरकत नाही. फक्त जेवणाला चिकटून नको, मागेपुढे तासभर तरी जाऊ द्या. चहातल्या टॅनिनमुळे धान्य-कडधान्यांतलं लोह नीट शोषलं जात नाही. म्हणजे चहा-पोळीतलं बरंचसं लोह वायाच जातं.

बीट लाल असतं एवढंच. १०० ग्रॅम बिटात एक मिलिग्रॅमसुद्धा लोह नसतं, आणि या वयात बाईला दिवसाला २९ लागतं. त्यापेक्षा मोड आलेल्या मटकीची उसळ खा, वर लिंबू पिळून. मोड आले की लोहाला धरून ठेवणारं फायटेट कमी होतं आणि लिंबाचं क जीवनसत्त्व उरलेलं काम करतं. थंडीत अळिवाचे लाडू, बाजरीची भाकरी. आमटी लोखंडी कढईत करा, पण तशीच ठेवू नका, काळी पडते. उपासाला साबुदाणा म्हणजे नुसतं पिष्ट. त्याऐवजी राजगिऱ्याची भाकरी, दाण्याची आमटी, दही.

बी-१२ मात्र शाकाहारात दूध-दह्यातूनच काय ते मिळतं. कमी निघालं तर खाण्याने भरून येणार नाही, डॉक्टरांकडून गोळ्या किंवा इंजेक्शनं घ्यावी लागतील.

लोकलवाली:
बापरे, चहा! तो सोडला तर डोकं चढतं माझं. बी-१२ मागे कमी निघालं होतं, गोळ्या संपल्यावर परत बघितलंच नाही. आणि एक विचारू का, पाळीत अंगावरून खूप जातं. त्याचा याच्याशी संबंध असेल?

मेतकूट_भात:
अगं, हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं! असेलच. आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. फायब्रॉइड (गर्भाशयातली गाठ) असेल तर कितीही अळीव खाल्लं तरी एकीकडून भरायचं आणि दुसरीकडून सांडायचं.

निवांत_डाएटिशियन:
+१. लोहाच्या गोळ्या दिल्या तर कॅल्शियमची गोळी त्याच वेळी घेऊ नका. शौचाला काळं होतं, घाबरू नका. पोट साफ होत नसेल तर गोळी आपल्या मनाने बंद न करता डॉक्टरांना सांगा, बदलून देतात.

चहा एकदम सोडू नका, डोकं त्यानेच चढतं. आधी निघतानाचा बंद करा, तेव्हा पोळीबरोबर दाण्याची चटणी आणि एखादा पेरू घ्या. मग जेवणावरचा. चारचा शेवटी बघू.

उंडगा_बोका:
चारचाही बघा. कॅफिन निम्मं उतरायलाच पाचेक तास लागतात. रात्री बारापर्यंत डोळा लागत नाही त्यात त्याचाही हात असेल.

लोकलवाली:
बारापर्यंत भांडी घासत असते हो मी.

उंडगा_बोका:
मग घरातल्या बाकीच्यांनाही या धाग्यावर बोलवा.