काळ्या मातीतून तंबूच्या मेखा सहज निघाव्यात, डिझाइन कसं करावं?

सांवेररोडवाला
नमस्कार मंडळी. माझं इंदूरला सांवेर रोडवर छोटं फॅब्रिकेशनचं काम आहे, ग्रिल, गेट, शेड वगैरे. ओळखीचे एक गृहस्थ चोरल पातालपाणीच्या बाजूला शाळेच्या पोरांचे कँप लावतात, त्यांनी तंबूच्या मेखा करून मागितल्यात आणि अट एकच, ठोकायला जरा त्रास झाला तरी चालेल पण उपटताना पोरांचा जीव जायला नको. सध्या त्यांच्याकडे कुणीतरी करून दिलेल्या 10 एमएम सरियाच्या, म्हणजे काँक्रीटात घालतात त्या धारावाल्या गजाच्या, आहेत, वरून वाकवून हुक केलेला, फूटभर जमिनीत जातात. पाऊस संपता संपता काळ्या मातीत ठोकल्या आणि वर दोन दिवस कडक ऊन पडलं की निघायचं नाव नाही. पोरं हुकात दोरी अडकवून तिघं तिघं ओढतात, नाहीतर आडवे हातोडे घालतात, मग मेख वाकते आणि वाकली की संपलंच. काही तशाच राहून जातात, पुढे कुणाच्या गाईच्या खुरात नाहीतर ट्रॅक्टरच्या टायरात.

माझ्या डोक्यात असं आहे की वरच्या भागाला आटे पाडायचे, त्यावर मोठा नट आणि खाली वॉशर, पान्याने नट फिरवला की मेख आपोआप वर. कागदावर छान दिसतंय पण खर्च वाढतो आणि आट्यात चिखल बसणार हेही दिसतंय. दुसरं म्हणजे 25 एमएमचा अँगल (एल आकाराची लोखंडी पट्टी) तिरपा कापून व्ही आकाराच्या करायच्या. कुणी वापरून पाहिलंय का?

पायपीट_इंदूर
आटे नको भिया, पहिल्याच कँपला चिखलाने जाम होतील आणि पान्याचं काय, तो तर पहिल्या दिवशीच हरवणार 😀

ट्रेकिंगच्या महागड्या मेखा 7075 नावाच्या मजबूत अल्युमिनियम मिश्रधातूच्या येतात, व्ही किंवा वाय आकाराच्या. वजनाला हलक्या, पकड झकास, पण आपल्या मातीत त्या व्हीच्या पोटात अख्खा लपका भरून येतो, प्रत्येक मेख खरवडत बसा. माझ्या मते मुख्य भानगड व्हॅक्यूमची आहे. ओल्या मातीतून ओढताना टोकाखाली हवा जातच नाही म्हणून ती खाली खेचली जाते. बाजूने एक उभी चर पाडून दिलीत तर हवा आत जाईल आणि सुटेल.

माती_मास्तर
व्हॅक्यूमचा मुद्दा गमबूट चिखलात रुततो तिथे खरा आहे, इथे नाही, गणित करून बघा. 10 एमएमच्या गजाचा छेद पाऊण चौरस सेंटिमीटरच्या जरा वर, आणि हवेचा दाब चौरस सेंटिमीटरला साधारण 1 किलो. म्हणजे टोकाखाली अगदी पूर्ण निर्वात झालं तरी तुम्हाला 800 ग्रॅमच जास्त ओढावं लागेल. चर पाडायची मजुरी वाचवा.

खरा अडथळा अंगाच्या घर्षणाचा. 10 एमएमचा गज 30 सेंटिमीटर आत असेल तर मातीला टेकलेलं अंग होतं जवळपास 94 चौरस सेंटिमीटर. घट्ट चिकणमाती लोखंडाला चौरस सेंटिमीटरमागे 300 ते 400 ग्रॅम जोराने सहज धरून ठेवते, म्हणजे 28 ते 38 किलो. आणि तुमच्या गिऱ्हाईकाच्या मेखा सरियाच्या आहेत हे वाचून हसूच आलं. अहो, सरियाच्या अंगावर त्या धारा दिलेल्या असतात त्या काँक्रीटमधून सुटू नये म्हणूनच ना! मग तो मातीतून तरी का सुटावा? धारांच्या मधे माती बसते, तुम्ही गज ओढत नाही, मातीवरून माती ओढता. वर गंज.

काळ्या मातीचा स्वभावही लक्षात घ्या. हिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर, पाणी पिऊन फुगते आणि सुकली की आकसते, मे महिन्यात शेतात हातभर भेगा दिसतात त्या ह्याच्याच. ओल्यात ठोकलेली मेख सुकताना माती तिच्यावर आवळली जाते, कोरड्यात ठोकली आणि पाऊस आला तर फुगून आवळते. दोन्हीकडून मरण मेखेचंच.

अँगलचं म्हणाल तर 25 बाय 25 चा घेर 100 एमएम होतो, 10 च्या गोल गजाचा 31. तिप्पट अंग मातीत. आडवी पकड फार छान मिळेल पण उपटताना तेवढंच भोगावं लागेल.

सांवेररोडवाला
सर, सरियाचं एवढं डोक्यातच आलं नव्हतं, साइटवरचे तुकडे स्वस्तात मिळतात म्हणून सगळेच त्याच्या करतात. मग साधा गोल ब्राइट बार, म्हणजे गुळगुळीत पॉलिशचा गज, घेतला तर? पण गुळगुळीत केली की वाऱ्यात तंबूच घेऊन उडेल ना? जी सहज निघेल ती सहज सुटेलही असं नाही का होत?

माती_मास्तर
नाही होत, आणि सगळी गंमत इथेच आहे. तंबूची दोरी मेखेला आडवी ओढते, तुम्ही उपटता ती सरळ तिच्या अंगाच्या रेषेत. आडव्या ओढीला मेखेच्या पुढ्यातली माती अडवते, तिथे मेखेची रुंदी, लांबी आणि ताठपणा कामाला येतो, गुळगुळीतपणाने काही बिघडत नाही. फक्त ठोकताना डोकं तंबूपासून बाहेर झुकलेलं हवं आणि दोरी मेखेशी साधारण काटकोनात यावी. डोकं तंबूकडे झुकलं की दोरी तिला अंगाच्या रेषेत ओढायला लागते, मग मात्र गुळगुळीत मेख सुळकन बाहेर येईल. दोरी अगदी जमिनीलगत अडकवा, वर अडकवली तर मेख कलते.

आता उपटण्याचं. सरळ ओढू नका, आधी गोल फिरवा. तेच 40 किलोचं घर्षण धरा, पण ते मध्यापासून फक्त 5 एमएमवर काम करतंय. डोक्यात आडवी 200 एमएमची दांडी घातलीत तर दोन्ही हातांना मिळून काय लागतं? एकेका हाताला 1 किलो! पाचवीतलं पोर फिरवेल. एकदा फिरली की मातीची चिकट सुटते, आणि फिरवत फिरवतच वर घेतली तर घर्षणाचा बहुतेक जोर फिरण्याच्या दिशेला खर्च होतो, वर ओढायला थोडाच उरतो. बाटलीचं बूच आपण पिळून काढतो ते ह्याचसाठी. व्ही, वाय, अँगल ह्यातलं काहीच असं पिळता येत नाही. आणि वाकलेली गोल मेखही नाही, म्हणून आडवे हातोडे बंद करायला सांगा.

मंडपवाला_जुना
मास्तरांचं गणित बरोबर असेल पण आडवे हातोडे बंद करा हे नाही पटत. आमच्या घरचा मंडपाचा धंदा, दोन पिढ्या खुंटे उपटून राहिलोय. 25 एमएमचा खुंटा फिरवणार कोण? तिथे चारी बाजूंनी एक एक घाव घालून भोक मोठं करायचं, मग साखळीचा फास टाकून बल्ली (लाकडी वासा) खालून लावायची आणि दोन माणसं बल्लीवर, खुंटा वर. जाड गज वाकत नाही म्हणून हे चालतं. तुमच्या 10 च्या काडीला घाव सोसणार नाही तेही खरं.

पाण्याचं कुणीच बोललं नाही. सुकलेल्या मातीत मेखेच्या कडेने लोटाभर पाणी ओतायचं, तोवर एक चहा प्यायचा, मग अंग निसरडं होतं आणि सरकते. फार ओतू नका, नुसता चिखल होतो, ओढताना पाय घसरतो.

पायपीट_इंदूर
व्हॅक्यूमचं मागे घेतो 🙏 पण चोरलच्या नदीकाठी वाळू आणि गोटे आहेत, तिथे ही गुळगुळीत काडी उभीच राहणार नाही. काढायचा प्रश्न तिथे नाहीच, धरायचा आहे. तिथे थैलीत वाळू भरून दोरीला बांधायची आणि पुरायची, किंवा मेखच आडवी पुरायची मधे दोरी बांधून. एक मेख सगळीकडे चालेल असा हट्ट नको. जानापावच्या टेकडीवर तर दगडच दगड, तिथे सरळ धोंड्याला बांधतो आम्ही.

रामबागची_मनीषा
घोड्यावरून भाल्याच्या टोकाने मेख उचलायचा खेळ असतो ना, टेंट पेगिंग, फौजेतले खेळतात. कँपच्या पोरांना एक घोडा द्या, प्रश्न मिटला 😂

गंमत सोडा, मी मुलांचे कँप घेते म्हणून सांगते, सगळ्यात जास्त मेखा मागे राहतात त्या अडकून नाही, गवतात दिसतच नाहीत म्हणून. डोक्याला भडक केशरी रंग द्या आणि दोरीचा छोटा लूप. आणि वर सळीचं उघडं टोक ठेवू नका, अंधारात पाय फाटतो, हे कँपवाल्या दादांना नक्की सांगा.

सांवेररोडवाला
सगळ्यांचं वाचून हे ठरवतोय, चुकत असेन तर बोला. 10 एमएमचा ब्राइट बार, 350 लांब, वजन सव्वादोनशे ग्रॅमच्या आत. हुक वाकवायचा नाही, कारण ठोकताना हुकावर घाव बसून तोच आधी वाकतो. त्याऐवजी वरच्या टोकापासून 50 खाली एक जाड वॉशर वेल्ड करायचा, तो जमिनीला टेकला की थांबायचं, दोरी वॉशरच्या लगेच वर. वरच्या टोकाजवळ आरपार 6 चं भोक, त्यात दांडी घालून फिरवायचं. वेगळी दांडी हरवेल म्हणून भोक सगळ्यांना सारखं ठेवतो, म्हणजे निघालेली दुसरी मेखच दांडी म्हणून... पण नाही, 10 ची मेख 6 च्या भोकात कशी जाणार. खालचं टोक बारीक करावं लागेल.

माती_मास्तर
करा ना बारीक, नुसतं टोक नाही, खालचा अर्धा भाग 10 वरून 5 पर्यंत उतरता करा. दोन फायदे. मेखच दांडी होईल, आणि उतरती मेख जरा वर सरकली की त्या भागात सगळीकडून मोकळी होते, भोकापेक्षा बारीक झालेली असते. सरळ गजाला शेवटच्या इंचापर्यंत घासत यावं लागतं. आडव्या ओढीचा जोर वरच्या भागावर जास्त येतो, तो जाड राहतोय, म्हणून पकडीत फार काही जात नाही. फक्त भोकाने डोकं कमजोर होतं, तिथे घाव बसतात, तेव्हा भोक अगदी कडेला नको.

सांवेररोडवाला
उतार लेथवर काढायचा तर एकेका मेखेला वेळ जाईल आणि भाव परवडणार नाही. भट्टीत लाल करून ठोकून काढून घेतो लोहाराकडून, मग पॉलिश व्हील. डोकं 12 एमएमचं जोडायचं का सरळ सगळाच बार 12 चा घ्यायचा? 12 चा मीटरला जवळपास 890 ग्रॅम, 10 चा 620.

मंडपवाला_जुना
12 चाच घ्या. पोरं ती मेख हातोडा म्हणून पण वापरणार आहेत, आत्ताच सांगून ठेवतो. आणि भाव काय लावताय ते इथे टाका, मला पण शंभरेक लागतील लहान शामियान्याला.

सांवेररोडवाला
लोहाराशी बोलून उद्या टाकतो काका. सियागंज बाजारात आज ब्राइट बारचा रेट विचारला तर दोन दुकानांत दोन भाव.