२०० मजली गावात दूध कसं पोचणार?

ए-७०४: नमस्कार मंडळी 🙏 धाकटीला शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी उभ्या शहराचं मॉडेल करायचंय. २०० मजले, ४० हजार माणसं, शाळा-बाजार-दवाखाना सगळं एकाच टॉवरमध्ये. माणसं आणि सामान वर-खाली कसं करणार, तिथे गाडी अडलीये. जाणकारांनी सांगा.

बी-११०२: तळापासून थेट २०० ला जाणारी लिफ्ट दाखवू नकोस म्हणावं. पोलादी दोर लांबला की त्याचं स्वतःचंच वजन इतकं होतं की साधारण ५०० मीटरच्या पुढे जमत नाही. शिवाय प्रत्येक लिफ्टचा शाफ्ट, म्हणजे ती ज्यातून वर-खाली करते ती उभी पोकळी, खालपर्यंत आणला तर खालचे मजले शाफ्टनेच भरतील. न्यूयॉर्कच्या जुन्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये ४४ आणि ७८ व्या मजल्यावर लिफ्ट बदलायची सोय होती. तिथवर मोठी लिफ्ट न थांबता जायची, पुढे छोट्या लिफ्ट मजले घेत. आपण दादरला फास्ट सोडून स्लो पकडतो, अगदी तसंच. बुर्ज खलिफातही ४३, ७६ आणि १२३ वर असे मजले आहेत.

ए-७०४: दादरचं उदाहरण तिला एका क्षणात कळलं!

डी-५०३: पाणी विसरू नका. माझं काम पंपांचंच, म्हणून सांगतो, या शहरातलं सगळ्यात जड सामान पाणीच. माणशी रोज १३५ लिटर धरा, ४० हजारांना ५४ लाख लिटर. म्हणजे रोज ५,४०० टन वर चढवायचंय. आणि १० मीटर चढायला १ किलो प्रेशर लागतं, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरवर १ किलोचा दाब. २०० मजले म्हणजे ६०० मीटर, ६० किलो! एकाच लाइनीत सोडलं तर खालच्या घरांचे नळ उडतील. दर वीसेक मजल्यांना टाकी, तिथून पुढचा पंप.

सी-९०१: बाळा, मालाची लिफ्ट दोन-तीन ठेव गं. आपल्याकडे सकाळी ७ ला सर्व्हिस लिफ्ट कचऱ्याच्या डब्यांना अडकलेली असते आणि दूधवाला पोरगा जिन्याने नववा मजला चढतो. दार उघडलं की त्याच्या बोटांवर पिशवीचे लाल वळ दिसतात. मला ते बघवत नाही. मीटिंगमध्ये दोनदा बोलले आहे, पुन्हा बोलेन.

डी-५०३: आजी, यावेळी मीही हात वर करतो.

ए-१६०३: एक विनंती. प्रत्येक टप्प्याला एक लिफ्ट स्ट्रेचर आडवं मावेल एवढी खोल असू दे. आधीच्या सोसायटीत सासऱ्यांना रात्री छातीत दुखायला लागलं. स्ट्रेचर लिफ्टमध्ये गेलंच नाही. शेवटी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून, ओढणीने बांधून खाली नेलं. मी मान धरून उभी होते. ते वाचले, पण त्या रात्रीपासून कुठलीही लिफ्ट दिसली की मी आधी ती किती खोल आहे ते बघते. घर घेतानाही तेच बघितलं.

बी-११०२: वहिनी, हे सगळ्यात आधी दाखवायला हवं. लिफ्ट बदलायच्या मजल्यांवरच छोटा दवाखाना ठेवा, म्हणजे पेशंटला तळापर्यंत आणायलाच नको.

ए-७०४: सगळं वाचून दाखवलं. तिने काडेपेटीची केलेली लिफ्ट मोडली, आता लांबट करतेय. कोणाकडे चपलांची रिकामी खोकी असतील तर दाराबाहेर ठेवा, आम्ही दोघी येऊन नेतो.