कबूल केलं की सवय सुटते काय?

शहापूरची_ताई: आमचा दादा बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यात लेथवर असतो, तंबाखू लई वर्षांची. पूर्वी घरात चोरून खायचा, गच्चीवर नाहीतर गाडी पुसायच्या निमित्तानं. गणपतीत सगळे जमलेले, मामांनी विषय काढला आणि गड्यानं सरळ सांगून टाकलं, व्हय खातो, सुटंना झालीय. आईला वाटलं अर्धं काम झालं. झालं उलटंच, आता टीव्हीसमोर बसून मळतो, चुन्याची डबी फ्रीजवर, आणि बोललं की "सांगितलंय की, लपवूलालोय काय?" कबूल केलं की सवय मोडते म्हणतात ते खरं हाय का, की आम्हीच त्याची भीड मोडली?

गणेशपूर_७: दारू सोडणाऱ्यांची ती अल्कोहोलिक्स अनॉनिमस, १९३५ ला अमेरिकेत सुरू झालेली, तिथं पहिली पायरी कबुलीचीच. पण पायऱ्या बारा आहेत हे कोण सांगत नाही. पुढं ज्यांना त्रास दिला त्यांची भरपाई करायची असते, मीटिंगला जाऊन बसायचं असतं. तुमचा दादा पहिल्या पायरीवरच खुर्ची टाकून बसलाय.

निपाणीकर: आमच्याकडं तंबाखूच पिकते ताई, आम्हाला काय विचारता 😀

खानापूरवाली: भीड मोडली वगैरे मनाला लावून घेऊ नका. आमच्याकडं पंढरीला जाऊन माळ घालतात, ते पण चारचौघात सांगणंच की, फक्त त्यात "मी पितो" नसतं, "आजपासनं घेणार नाही" असतं, आणि मग गावच राखण करतं. चुलत सासऱ्यांनी माळ घातली तर गुत्त्याशेजारचा चहावालासुद्धा विचारायचा, बुवा इकडं कुठं? शिवाय एकादशीला हातात टाळ दिला की अख्खी संध्याकाळ भजनातच जाते, प्यायला सवड कुठाय.

मेडिकलवाला: सगळं बरोबर पण शरीराचं कोणच बोलंना. निकोटिन आहे ते, रक्तातलं साधारण दोन तासांत निम्मं होतं, मग हात परत डबीकडं. बंद केल्यावर पहिले तीन-चार दिवस माणूस चिडका होतो, दोन-चार आठवड्यांत कमी होत जातं. २ आणि ४ मिलिग्रॅमची निकोटिन गम मिळते पण लोक ती कचाकचा चावतात, मग उचकी, पोटात जळजळ, आणि शिव्या आम्हाला. हळू चावायची, झणझणलं की गालात दाबून ठेवायची, ओसरलं की परत चावायची. किती घ्यायची ते डॉक्टरना विचारा. तंबाखू सोडणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, पण फोन दादानं लावायचा, तुम्ही नव्हे.

शहापूरची_ताई: विचारलं त्याला. चहाच्या सुट्टीनंतरचा तंबाखूचा बार सगळ्यात अवघड म्हणतो, तिथं चौघांत एक डबी फिरते. आणि गंमत बघा, घरात कबूल केलं पण त्या चौघांना सोडायचंय म्हणून एका शब्दानं बोललेला नाही, हसतील म्हणे. मी म्हटलं आमच्यापुढं काय सांगतोस, त्यांना सांग डबी माझ्याकडं सरकवू नका म्हणून. बघू या सोमवारी बोलतो काय.