एलएम25 च्या बोअरला लेझर हार्डनिंग चालेल का?

भोसरीचा_फिटर:
व्हॉल्व्ह बॉडीचा जॉब आहे, एलएम25 (सिलिकॉन-मॅग्नेशियमवाला अॅल्युमिनियमचा मिश्रधातू) चं ग्रॅव्हिटी कास्टिंग, टी6 (ताकद वाढवणारी हीट ट्रीटमेंट) केलेलं. आत स्टीलचा स्पूल पुढेमागे होतो आणि बोअरला (आतल्या गोल भोकाला) लगेच उभ्या रेघा पडतात. शेजारच्या शॉपवाला ईएन8 स्टीलचे शाफ्ट लेझर हार्डनिंग करून आणतो, झकास होतात, तर तेच अॅल्युमिनियमला करता येईल का? कुणी केलंय?

धातुवेडी:
दादा, स्टीलमध्ये वरचा थर लाल होतो, आतलं गार मेटल ती उष्णता खेचून घेतं आणि न वितळवताच मार्टेन्साइट, म्हणजे स्टीलची कडक रचना, बनतं. अॅल्युमिनियममध्ये ही भानगडच नाही, इथे थर चक्क वितळवावा लागतो, मग तो झटकन गोठला की सिलिकॉनचे जाड तुकडे बारीक होतात आणि थोडी हार्डनेस येते. पण तुमचा जॉब टी6 आहे ना, त्याची ताकद मॅग्नेशियम सिलिसाइडच्या कणांची, ते वितळताना विरघळणार आणि बाजूची पट्टी जास्त तापून मऊ पडणार. कास्ट केलेल्या कच्च्या जॉबला फायदा दिसतो, टी6 ला फारसा नाही.

जॉबवर्क_चाकण:
वरच्यांना +1. शिवाय सीओटू लेझर यावर 90 टक्क्यांच्या वर परत फेकला जातो, फायबर जरा बरा, तरी आधी ब्लास्टिंग (कणांचा मारा करून पृष्ठभाग खरखरीत) करून घ्यावं लागतं. आणि कास्टिंगमधला हायड्रोजन वितळलेल्या थरात फुगे काढतो, वरून बघाल तर चाळण. कुणी सिलिकॉन कार्बाइडची पावडर टाकून देतो म्हणाला तर जपून, जास्त तापलं की अॅल्युमिनियम कार्बाइड बनतं, ते ठिसूळ आणि ओलाव्यात खराब होतं. टायटॅनियम कार्बाइड त्या मानाने शहाणं. पण तुमच्या बोअरमध्ये नोझल तरी जाणार का?

भोसरीचा_फिटर:
नाही जाणार, बोअर बारीक आहे 😅 मग लेझर पीनिंग?

धातुवेडी:
ते वेगळं, पाण्याच्या थराखाली नॅनोसेकंदाचे झटके देतात, साधारण मिलिमीटरभर खोल दाबाचा ताण बसतो. विमानाच्या 7075 अॅल्युमिनियमसारख्या पार्टला क्रॅक उशिरा यावा म्हणून. घासण्यावर त्याचा उपाय नाही. सरळ हार्ड अॅनोडायझिंग (अॅसिडमध्ये वीज सोडून वर ऑक्साइडचा कडक थर) करा, फक्त 50 मायक्रॉनच्या थरातला साधारण अर्धाच आत जातो, उरलेला बाहेर वाढतो, म्हणजे दोन्ही बाजूंचे 25-25 धरून व्यासात 50 मायक्रॉन कमी. बोअर तेवढा मोठा ठेवून पाठवा आणि नंतर होनिंग (दगडाने बारीक घासून फिनिश) करा.