हिलबिली, कंट्री, ऑप्री : मराठीत काय म्हणायचं?

शब्दखुळी
अमेरिकेतल्या कंट्री संगीताच्या इतिहासावरचा एक लेख मराठीत आणतेय. ‘कंट्री’ला ‘ग्रामीण संगीत’ म्हणून वेळ मारून नेली, पण ‘हिलबिली’पाशी गाडी अडली. कोशात ‘डोंगराळ भागातला अडाणी माणूस’ असं दिलंय. लेखात तर १९२५ चा हिलबिली बँड आहे, हिलबिली रेकॉर्डी आहेत, आणि १९४९ च्या पुढे तो शब्द दिसेनासाच होतो. शिवाय ‘ग्रँड ओल ऑप्री’ या रेडिओ कार्यक्रमाच्या नावाचं काय करू? एका ओळखीच्यांनी ‘कंट्री अँड वेस्टर्न’चं ‘देशी व पाश्चात्य संगीत’ करून दिलंय. ते सोडून काहीही सुचवा.

उंडगा
देशी व पाश्चात्य! हसून हसून पुरेवाट.
यातलं वेस्टर्न म्हणजे काउबॉयचं. जीन ऑट्रीसारखे घोड्यावर बसून गाणारे नायक तिसाच्या दशकात हॉलिवूडने गाजवले, त्यांच्या गाण्यांना हे नाव पडलं. टेक्सासकडचं ते वेस्टर्न. वेस्टर्नच राहू द्या.

पानसुपारी
हिलबिलीला ‘गावठी’ म्हणा. ‘ग्रामीण’ नको, त्याला सरकारी वास येतो. ग्रामीण रुग्णालय, ग्रामीण पाणीपुरवठा वगैरे.

‘गावठी’ का, तर मूळ शब्दात हिणवणं आहे. १९०० साली न्यू यॉर्कच्या एका वर्तमानपत्रात त्याची व्याख्या छापून आली होती. तिचा आशय असा : अलाबामाच्या डोंगरात राहणारा मोकाट गोरा माणूस, खिशात दमडी नाही, मिळेल ते घालतो, वाट्टेल ते बोलतो, मिळाली की व्हिस्की पितो आणि लहर लागली की पिस्तूल झाडतो. १९२५ च्या जानेवारीत अ‍ॅल हॉपकिन्स आपले साथीदार घेऊन ओके या रेकॉर्ड कंपनीत रेकॉर्डिंगला न्यू यॉर्कला आला. कंपनीच्या राल्फ पीअरने बँडचं नाव विचारलं. नाव ठरलेलंच नव्हतं. हॉपकिन्स म्हणाला, आम्ही काय, नॉर्थ कॅरोलायना आणि व्हर्जिनियातले हिलबिली, काहीही म्हणा. पीअरने कागदावर ‘हिल बिलीज’ लिहायला लावलं. फिडलवाला टोनी अल्डरमन मात्र अस्वस्थ झाला. त्याच्या मुलखात हा मारामारीवर यायचा शब्द होता.

म्हणजे आपण स्वतःला म्हटलं तर चालतं, दुसऱ्याने म्हटलं की डोकं फिरतं. ‘गावठी’चं अगदी तसंच आहे.

कोकणातली मनी
थांबा हो पानसुपारी. आमच्याकडे गावठी कोंबडी म्हटलं की लोक दोन पैसे जास्त मोजतात. गावठी अंडी, गावठी भाजी, सगळं कौतुकाचंच. हिणवणं तुमच्या घाटावर असेल.

पानसुपारी
कोंबडीपुरतं मान्य. पण माणसाला ‘काय गावठी आहेस’ म्हणून बघा कोकणात! घाटावर कौतुकाला ‘गावरान’ म्हणतात. गावरान तूप, गावरान ठेचा. म्हणून माझी वाटणी अशी : हिलबिली ते गावठी, कंट्री ते गावरान. माल तोच, बाजारभाव वेगळा.

कंपन्यांनाही याची जाण होती. ओकेने या रेकॉर्डींच्या मालिकेला ‘ओल्ड टाइम ट्यून्स’ असं सभ्य नाव दिलं होतं. हिलबिली हे धंद्यातल्या लोकांच्या तोंडातलं नाव. पुढे अर्नेस्ट टब वगैरे गायकच म्हणू लागले की हा शब्द आता पुरे.

चकतीवाला
१९४९ नंतर हिलबिली शब्द उगाच दिसेनासा झाला नाही. संगीतधंद्याच्या बिलबोर्ड साप्ताहिकाने १९४४ मध्ये ज्यूकबॉक्सवर (नाणं टाकलं की रेकॉर्ड वाजवणाऱ्या यंत्रावर) वाजणाऱ्या या गाण्यांची यादी सुरू केली, तिच्या नावात ‘फोक’ होतं. जून १९४९ मध्ये ते बदलून ‘कंट्री अँड वेस्टर्न’ केलं. त्याच वेळी काळ्या कलावंतांच्या यादीवरचं ‘रेस’ जाऊन ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ आलं. ही दोन नावं एकाच झटक्यात बदलली, हे लेखात यायलाच हवं.

म्हणून ‘लोकसंगीत’ सुचवणार असाल तर नका सुचवू. पाच वर्षं तेच नाव होतं आणि टिकलं नाही. १९२७ च्या उन्हाळ्यात टेनेसी-व्हर्जिनियाच्या सीमेवरच्या ब्रिस्टल गावात पीअरनेच कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स या कंट्रीच्या आद्य गायकांचं पहिलं रेकॉर्डिंग एकाच आठवड्यात केलं. गाणी परंपरेतली असली तरी व्यवहार रोकडा होता, कॉपीराइटपासून रॉयल्टीपर्यंत.

रेडिओवाली
ऑप्रीचं भाषांतर करू नका, गोष्ट सांगा. नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएम केंद्राचा ‘बार्न डान्स’ कार्यक्रम १९२५ च्या नोव्हेंबरात सुरू झाला. केंद्र एका विमा कंपनीचं. १९२७ मध्ये त्याच्या आधी वॉल्टर डॅमरॉश यांचा शास्त्रीय संगीताचा कार्यक्रम लागायचा. निवेदक जॉर्ज (आडनाव ‘हे’) नंतर सांगायचा तो किस्सा असा : डॅमरॉश म्हणाले, अभिजात संगीतात वास्तववादाला जागा नाही, आणि तरी त्यांनी रेल्वेची चाल रंगवणारी एक रचना ऐकवली. जॉर्ज लगेच माइकवर आला : आमच्याकडे नुसता वास्तववादच मिळेल! त्याने डीफर्ड बेलीला पुढे केलं. बेलीने माउथ ऑर्गनवर धडधडत आगगाडी आणली, शिट्टीसकट. त्यावर जॉर्ज म्हणाला, तासभर ग्रँड ऑपेरा ऐकलात, आता ऐका ग्रँड ओल ऑप्री.

‘ऑप्री’ हा मुद्दाम गावंढळ केलेला उच्चार आहे. त्याला मराठी प्रतिशब्द शोधाल तर विनोद मरेल.

पानसुपारी
आणि तो बेली काळा होता. ज्या शब्दाच्या व्याख्येतच ‘गोरा माणूस’ होता, त्या संगीताच्या सगळ्यात मोठ्या मंचाचं बारसं त्याच्या वाजवण्यावर झालं. १९४१ मध्ये त्याला काढून टाकलं. कंट्री संगीताच्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं ते २००५ मध्ये, तो गेल्यावर तेवीस वर्षांनी. शब्दखुळी, हे तळटीपेत ढकलू नका.

उंडगा
अवांतर : किशोरकुमारच्या योडलिंगमागे जिमी रॉजर्सच्या रेकॉर्डी होत्या, असं नेहमी सांगितलं जातं. मराठी वाचकाला ओळख पटवायला बरं.

शब्दखुळी
सगळ्यांचे आभार. १९४९ च्या आधीच्या भागात ‘हिलबिली’ तसाच ठेवते आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘म्हणजे गावठी’ असं सांगते. पुढे ‘कंट्री’च. ‘गावरान’ आवडला, पण त्याने ठेच्याची भूक लागते. आता एकच उरलं : ‘हाँकी-टाँक’. गुत्ता म्हणू?

चकतीवाला
गुत्ता नको. गुत्त्यात नाच नसतो, ज्यूकबॉक्सही नसतो आणि बायका तर नसतातच. इथे बायकांचाच मुद्दा आहे. १९५२ मध्ये किटी वेल्सने १२५ डॉलरच्या बिदागीसाठी एक गाणं म्हटलं. अशा जागी भेटणाऱ्या बायकांच्या नावाने खडे फोडणाऱ्या एका पुरुषी गाण्याला ते उत्तर होतं : दोष देवाचा नाही, लग्न झालेलं असून सडेफटिंग असल्यासारखं वागणाऱ्या पुरुषांचा आहे. एनबीसी या रेडिओ कंपनीने ते वाजवायला नकार दिला, तरी बिलबोर्डच्या कंट्री यादीत पहिल्या क्रमांकावर गेलेली ती पहिली एकटी गायिका ठरली. ‘हाँकी-टाँक’ असंच लिहा आणि पहिल्या वेळी ‘दारू, नाच आणि ज्यूकबॉक्स असलेला स्वस्तातला बार’ एवढं जोडा.

कोकणातली मनी
‘सडेफटिंग’ झकास. लेखात तोच वापरा.